गेटवरची झडती आणि गेटबाहेरची डिक्की : अंबडमधील एका कारखान्याचे प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत विद्युत स्विचगिअर तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात, २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर, देखभाल विभागातील एका कायम कामगाराला निलंबित करण्यात आले. त्याच्यावर दोन ठपके होते. स्कूटरची डिक्की उघडण्यास त्याने नकार दिला हा पहिला, आणि ती उघडल्यावर आत कंपनीच्या मालकीचे एक हत्यार सापडले हा दुसरा. प्रकरण कामगार न्यायालयात जाण्यापूर्वीच करार होऊन मिटले, त्यामुळे त्यावर कोणताही निकाल नाही. तरीही मालकाला झडतीचा अधिकार कोठून मिळतो आणि तो कोठे संपतो, हे या एका घटनेत जितके स्पष्ट दिसते तितके निकालपत्रांत क्वचितच दिसते. संबंधितांची ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील येथे बदलले आहेत.

पार्श्वभूमी

कारखान्यात सुमारे १४० कायम कामगार आणि जवळजवळ तेवढेच कंत्राटी कामगार होते. जुळणी विभागात बहुसंख्य महिला होत्या. येथे तयार होणाऱ्या कॉन्टॅक्टर या विजेच्या स्विचमध्ये विद्युतप्रवाह जोडण्या-तोडण्याच्या जागी चांदीच्या मिश्रधातूची टिप बसवलेली असते. ही टिप हरभऱ्याच्या डाळीएवढी असते, आणि मूठभर टिपांची किंमत कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या पगाराहून कमी भरत नाही. त्या ऑक्टोबरात चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या घरात गेला होता. तांब्याची पट्टी चोरायची तर ती लपवावी लागते. टिप मात्र जेवणाच्या डब्यात, पाकिटात किंवा बुटातही मावते, आणि व्यवस्थापनाची धास्ती समजून घ्यायची तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

सप्टेंबरअखेरच्या साठा मोजणीत टिपांची लक्षणीय तूट आढळली. तोपर्यंत गेटवर चालत आलेली पद्धत साधी होती. पाळी सुटल्यावर प्रत्येक जण पंचिंग मशीनशेजारचे बटण दाबत असे. हिरवा दिवा लागला तर सरळ बाहेर, लाल लागला तर टेबलापाशी जाऊन पिशवी आणि डबा उघडून दाखवायचा. लाल दिवा कोणाच्या वाट्याला येईल हे सुरक्षारक्षकालाही ठाऊक नसे, त्यामुळे त्यात कोणाला अपमान वाटत नसे. हातात धरायचा मेटल डिटेक्टरही होता, पण सगळ्यांचे डबे स्टीलचे असल्याने तो प्रत्येकापाशी वाजे आणि म्हणून कोणी तो वापरत नसे.

तूट आढळल्यानंतर फलकावर एक इंग्रजी नोटीस लागली. सोमवारपासून प्रत्येक कामगाराची पिशवी, डबा आणि वाहन ‘कोठेही उभे असले तरी’ तपासले जाईल, मोबाइल गेटवर जमा करावे लागतील आणि नकार देणे गैरवर्तन समजले जाईल, असे तिच्यात म्हटले होते. स्थायी आदेश, म्हणजे आस्थापनेतील नोकरीच्या आणि शिस्तीच्या लेखी अटी, बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावण्याचे बंधन १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमाच्या कलम ९ मध्ये होते. नोटीस म्हणजे स्थायी आदेश नव्हे, असे व्यवस्थापन म्हणू शकले असते. पण मग केवळ नोटिशीच्या बळावर गैरवर्तनाची नवी व्याख्या कशी करता येते, याचे उत्तर त्याला द्यावे लागले असते.

घटनाक्रम

नोटीस अमलात आली त्याच आठवड्यात पहिली ठिणगी महिलांच्या रांगेत पडली. महिला सुरक्षारक्षक एकच होती आणि तिची ड्युटी पाचला संपत असे, तर जनरल शिफ्ट साडेपाचला सुटत असे. एका सायंकाळी पुरुष रक्षकाने जुळणी विभागातील एका महिलेला पर्स टेबलावर रिकामी करायला सांगितली. तिने ती केली. औषधांच्या पट्ट्या, सॅनिटरी पॅडचे पाकीट, मुलाच्या शाळेची फी भरल्याची पावती आणि सुटे पैसे असे सगळे मागे उभ्या असलेल्या रांगेसमोर टेबलावर पसरले. रक्षकाने पाकीट उचलून हलवून पाहिले. ती काही बोलली नाही, आणि पुढचे दोन दिवस कामावर आली नाही.

दुसरी घटना पहिली पाळी सुटल्यावरची आहे. कारखान्याच्या आवारात फक्त अधिकाऱ्यांच्या चारचाकी गाड्या उभ्या राहत, आणि जाता जाता नोंदवायला हवे की त्या गाड्यांच्या डिक्क्या नव्या नोटिशीनंतरही कोणी उघडल्या नाहीत. कामगारांच्या दुचाकी भिंतीबाहेर, वसाहतीच्या रस्त्याकडेच्या पट्टीत लागत. सोळा वर्षे नोकरी झालेला हा कामगार पिशवी आणि डबा दाखवून गेटबाहेर पडला, रस्ता ओलांडून स्कूटरपाशी पोहोचला आणि किल्ली लावली, तेवढ्यात सुरक्षा पर्यवेक्षक मागून आला.

“डिक्की उघडा, तपासायची आहे.”

“गेटच्या आत काय तपासायचं ते तपासलंत ना? ही रस्त्यावरची गाडी आहे, आणि बायकोच्या नावावर आहे.”

“अहो, वरून ऑर्डर आहे. मला कशाला कायदा सांगता?”

पर्यवेक्षकाने स्कूटरची किल्ली काढून घेतली. मनुष्यबळ अधिकारी येईपर्यंत तासाभराहून अधिक वेळ गेला. तोवर दुसऱ्या पाळीचे लोक, चहाच्या टपरीवरचे गिऱ्हाईक आणि रिक्षावाले असा चांगलाच घोळका जमला होता. अखेर कामगाराने स्वतःच डिक्की उघडली. आत रेनकोट, आईच्या दवाखान्याची फाइल आणि कंपनीचा क्रमांक कोरलेला एक टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर होता. चांदीची टिप एकही नव्हती.

कामगाराचे म्हणणे असे की, आठवड्यापूर्वी त्याला याच कंपनीच्या सातपूरमधील युनिटमध्ये मशीन बंद पडल्यामुळे पाठवले होते. त्या वेळी रिटर्नेबल गेट पासवर, म्हणजे परत आणण्याच्या बोलीवर, हत्यार बाहेर गेले आणि डिक्कीतच राहून गेले. गेट पासच्या पुस्तकात हत्यार बाहेर गेल्याची नोंद होती, परत आल्याची नव्हती. जप्तीच्या कागदावर एकाच सुरक्षा एजन्सीच्या दोन रक्षकांच्या सह्या होत्या, आणि ‘कामगाराने सही करण्यास नकार दिला’ हे वाक्य वेगळ्या शाईत नंतर लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी निलंबनाचे पत्र आले. पाठोपाठ आलेल्या आरोपपत्रात चोरी, कायदेशीर आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा आणि शिस्तभंग असे तीन आरोप होते.

झडतीचा अधिकार कोठून येतो

‘कारखाना माझा आहे, म्हणून मी तपासणार’ हा युक्तिवाद व्यवस्थापनाच्या बैठकीत ठामपणे मांडला गेला, पण कायद्यात त्याला फारसा आधार नाही. जागेचा मालक एखाद्याला आत येण्यापूर्वी अट घालू शकतो. परंतु दुसऱ्याच्या अंगाला किंवा सामानाला हात लावण्याचा अधिकार जागेच्या मालकीतून निघत नाही. सुरक्षारक्षकालाही पोलिसाचे अधिकार नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्ती एखाद्याला पकडू शकते, पण मुख्यतः तिच्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तरच, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. येथे तसा कोणताही गुन्हा कोणाच्या समोर घडलेला नव्हता.

अधिकाराचा खरा आधार स्थायी आदेशांत होता. या कारखान्याने स्वतःचे स्थायी आदेश कधी प्रमाणित करून घेतलेच नव्हते, त्यामुळे १९४६ च्या अधिनियमाच्या कलम १२-अ नुसार त्याला आदर्श, म्हणजे सरकारने नमुना म्हणून ठरवलेले, स्थायी आदेश लागू होते. महाराष्ट्रात त्या वेळी ही तरतूद ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होती. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत झडतीची तरतूद होती, आणि तिचे शब्द मोजूनमापून वापरलेले होते. कामगार आवारातून बाहेर पडत असताना, आस्थापनेची मालमत्ता त्याच्याकडे गैररीतीने असल्याचा संशय आल्यास, मनात आकस न ठेवता गेटवरील माणूस त्याची झडती घेऊ शकत असे. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची आणि झडतीच्या वेळी किमान दोन व्यक्ती हजर असायच्या. म्हणजे या तरतुदीत मालकाला अधिकार दिला होता आणि त्याच दमात त्याला वेळ, जागा, कारण आणि साक्षीदार यांचे कुंपणही घातले होते.

नियुक्तिपत्रातील ‘कंपनी केव्हाही सामान तपासू शकेल’ या अटीवर व्यवस्थापनाची मोठी भिस्त होती. मात्र स्थायी आदेशांशी विसंगत असा खासगी करार टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या प्रकरणात १९७३ मध्येच सांगितले आहे. त्या प्रकरणात वाद परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) मुदतीचा होता, पण तत्त्व येथेही तेच लागू होते. स्थायी आदेश ‘संशय आल्यास’ म्हणत असतील, तर नियुक्तिपत्रातील ‘केव्हाही’ त्यांना पुरून उरत नाही.

येथे लाल-हिरव्या दिव्याचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. दिवा संशयावर चालत नाही, योगायोगावर चालतो. शब्दशः पाहिले तर अशी झडतीही आदर्श स्थायी आदेशांत बसत नाही. तरीही कामगारांनी ती वर्षानुवर्षे मान्य केली होती, कारण संशयावर आधारलेली झडती कोणाला तरी चोर ठरवून सुरू होते आणि दिव्याची झडती कोणालाच चोर ठरवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कामगाराच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने दिव्याची पद्धत कायद्यातील पद्धतीपेक्षा सरस होती. पण ती टिकून होती ती परस्पर संमतीवर, आणि नव्या नोटिशीने त्याच संमतीला धक्का दिला.

शिवाय शिस्तीचे नवे नियम लावणे किंवा जुने बदलणे, स्थायी आदेशांत त्याची तरतूद नसेल तर, औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या चौथ्या अनुसूचीत येत असे, आणि कलम ९-अ नुसार अशा बदलाआधी २१ दिवसांची सूचना देणे बंधनकारक होते. शुक्रवारी फलकावर लावून सोमवारी अमलात आणलेली नोटीस या कसोटीवर सरळसरळ नापास होते. कामगार संघटनेने व्यवस्थापनाला लिहिलेल्या पहिल्या पत्रात फक्त ‘अपमानास्पद वागणुकी’वर भर दिला होता. कलम ९-अ चा मुद्दा दुसऱ्या पत्रात आला, आणि व्यवस्थापनाचा सूर बदलला तो त्यानंतर.

डिक्की

नकाराला गैरवर्तन म्हणायचे तर मोडलेला आदेश कायदेशीर आणि वाजवी असावा लागतो. आदर्श स्थायी आदेशांतील झडती आवारातून बाहेर पडताना घ्यायची होती. कामगार बाहेर पडून रस्त्यावर पोहोचला होता आणि गेटवरची तपासणी त्याने पूर्ण करू दिली होती. स्कूटर कंपनीच्या जागेत नव्हती आणि त्याच्या मालकीचीही नव्हती. त्याच्याविषयी ठोस संशय असल्याची एक ओळही त्या दिवसापूर्वीच्या कोणत्याही कागदावर नव्हती. अशा स्थितीत अवज्ञेचा आरोप टिकणे अवघड होते. गाडी आवारातील पार्किंगमध्ये असती, पार्किंगच्या पासवर तपासणीची अट मराठीत छापलेली असती आणि ती अधिकाऱ्यांच्या गाड्यांनाही लागू असती, तर मात्र उत्तर बरेच वेगळे झाले असते.

किल्ली काढून घेणे हे याहून गंभीर होते. एखाद्याला ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाण्यापासून जाणूनबुजून अडवणे म्हणजे गैर अटकाव. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली तो गुन्हा असून त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. कामगार पायी निघून जाऊ शकला असता, असा बचाव पर्यवेक्षकाला करता आला असता. पण घोळक्यात उभे करून, गाडी अडकवून, तासभर थांबवून ठेवलेल्या माणसाला ‘तुम्ही चालत जायला मोकळे होता’ असे सांगणे कोणत्या न्यायाधीशाला पटले असते, याची शंकाच आहे. व्यवस्थापन तोवर पोलिसांत जाण्याचा इशारा देत होते. पोलिसांत गेल्यास पहिला प्रश्न किल्लीचाच निघेल, हे त्याच्या वकिलाने वेळीच लक्षात आणून दिले.

सापडलेले हत्यार

झडतीच बेकायदेशीर असल्याने तीत सापडलेली वस्तूही पुराव्यातून बाद होते, असा संघटनेच्या कार्यकर्त्यांचा समज होता, आणि तो सर्वत्र आढळतो. कायदा तसा नाही. पूरणमल प्रकरणात डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, केवळ झडती बेकायदेशीर होती म्हणून त्यातून मिळालेला संबद्ध पुरावा अग्राह्य ठरत नाही, असे म्हटले. खातेनिहाय चौकशीत तर पुराव्याचे काटेकोर नियमही लागू होत नाहीत, हे रतनसिंग या बसवाहकाच्या १९७७ मधील प्रकरणापासून पक्के आहे. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर राहणारच होता, आणि कामगाराचा खरा बचाव झडतीच्या बेकायदेशीरपणात नव्हता, तर गेट पासच्या पुस्तकात होता. बाहेर नेण्याची रीतसर नोंद असलेली वस्तू परत करायची राहिली, तर तो निष्काळजीपणा होतो. चोरीसाठी अप्रामाणिक हेतू लागतो, आणि स्वतःच्या सहीने पास फाडून कोणी चोरी करत नाही.

झडतीतील उणिवांचे महत्त्व मात्र याने संपत नाही. कॅप्टन पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स या १९९९ च्या प्रकरणात कोलारच्या सोन्याच्या खाणीतील सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर छापा पडून ४.५ ग्रॅमचा सोन्याचा गोळा आणि १,२७६ ग्रॅम सोनेमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप होता. छापा आणि जप्तीच सिद्ध होत नाही म्हणून फौजदारी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, आणि त्याच पुराव्यावर आधारलेली एकतर्फी बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. निलंबनकाळात त्याला निर्वाह भत्ता दिला गेला नव्हता, हेही त्या निकालात महत्त्वाचे ठरले. अंबडच्या प्रकरणात जप्तीच्या कागदावर स्वतंत्र साक्षीदार नव्हता आणि शाई दोन प्रकारची होती. निर्वाह भत्ता १९४६ च्या अधिनियमाच्या कलम १०-अ नुसार पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के असायला हवा होता. तो पहिल्या महिन्यात दिलाच गेला नाही आणि संघटनेच्या पत्रानंतरच सुरू झाला.

खासगीपणाचा प्रश्न

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे एकमताने जाहीर केले. संघटनेच्या पत्रात या निकालाला मानाचे स्थान होते. तो निकाल मूलतः राज्यसंस्थेविरुद्धच्या हक्काचा आहे. अनुच्छेद १९ आणि २१ मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे कौशल किशोर प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने म्हटले गेले, तरी खासगी कारखान्याच्या गेटवरील तक्रार घेऊन थेट उच्च न्यायालयात जाणे हा व्यवहार्य मार्ग नव्हे. अशा तक्रारीची जागा १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाच्या महाराष्ट्र अधिनियमात आहे, आणि तेथे तक्रार ९० दिवसांत दाखल करावी लागते.

पुट्टस्वामीचा उपयोग वेगळ्या ठिकाणी झाला. त्यातील प्रमाणबद्धतेची कसोटी विचारते की उद्देश रास्त असला तरी साधलेला मार्ग त्याच्याशी जुळतो का, आणि कमी त्रासाचा दुसरा मार्ग उपलब्ध होता का. कामगार उपायुक्त कार्यालयातील बैठकीत संघटनेच्या सल्लागाराने हाच प्रश्न साध्या भाषेत विचारला : टिपा स्टोअरमधून विभागात मोजून जातात की वजनावर? त्या वजनावर जात होत्या. ब्रेझिंगमध्ये, म्हणजे टिप उष्णतेने जोडताना, खराब झालेल्या टिपांची नोंद पाळीनिहाय होत नव्हती, आणि भंगाराच्या पेटीला कुलूप नव्हते. पुढे केलेल्या फेरतपासणीत तुटीचा काही भाग या नोंद न झालेल्या खराब मालात निघाला. उरलेल्या तुटीचा उलगडा आजवर झालेला नाही, त्यामुळे चोरी झालीच नाही असेही म्हणता येत नाही. परंतु जुळणी विभागातील महिलेची पर्स उलटी करण्याआधी भंगाराच्या पेटीला कुलूप लावणे शक्य होते, आणि प्रमाणबद्धतेची कसोटी नेमके हेच विचारते.

त्या महिलेच्या बाबतीत नियमभंग उघड होता. पुरुषाने झडती घेतली होती, तीही चार लोकांसमक्ष. लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियम, २०१३ खालील अंतर्गत समितीकडे तक्रार करण्याचा पर्याय तिला सांगण्यात आला, पण तिने तो नाकारला. ‘पुन्हा तेच सगळं सांगत बसायचं का?’ एवढेच ती म्हणाली. तिच्या नकारामुळे व्यवस्थापनाची जबाबदारी संपली असे समजणे चूक ठरले असते, आणि व्यवस्थापनाने तसे समजलेही नाही. दुसऱ्याच दिवसापासून महिला रक्षकाची वेळ सहापर्यंत वाढवण्यात आली. संपूर्ण प्रकरणात व्यवस्थापनाने कोणी न सांगता उचललेले हे एकमेव पाऊल होते.

तडजोड आणि तिच्याबाहेर राहिलेले लोक

तिसऱ्या बैठकीत करार झाला. चोरी आणि अवज्ञेचे आरोप मागे घेण्यात आले, हत्यार वेळेत परत न केल्याबद्दल कामगाराने लेखी ताकीद स्वीकारली आणि निलंबनाचा काळ पूर्ण वेतनासह कामावर असल्याचा धरला गेला. दिव्याची पद्धत परत आली. दिवा लागला नसताना कोणाचे सामान तपासायचे असेल तर संशयाचे कारण आधी रजिस्टरमध्ये लिहायचे, तपासणी गेटशेजारच्या खोलीत करायची आणि दोन साक्षीदारांपैकी एक कामगारांमधील असावा, असे ठरले. भिंतीबाहेरील वाहनांना हात लावायचा नाही. मोबाइल जमा करण्याचा नियम सोडून देण्यात आला, मात्र जुळणीच्या टेबलावर तो वापरायचा नाही हे संघटनेने मान्य केले. अधिकाऱ्यांनीही बटण दाबावे, या मागणीवर सर्वांत लांबलेली चर्चा झाली आणि शेवटी ती मान्य झाली. कारखान्याचे व्यवस्थापक पहिल्याच आठवड्यात लाल दिव्यात सापडले, याची चर्चा वसाहतीत बरेच दिवस होती.

समेट कार्यवाहीत, म्हणजे कामगार कार्यालयाच्या मध्यस्थीने, झालेला करार आस्थापनेतील सर्व कामगारांवर बंधनकारक असतो. पण कंत्राटी कामगारांचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो, आणि ठेकेदार या करारात पक्षकार नव्हता. त्यांची झडती दोनदा होते, एकदा विभागाच्या दारात आणि एकदा गेटवर. त्यांच्यापैकी कोणी डिक्की उघडण्यास नकार दिला असता, तर आरोपपत्र, चौकशी आणि निर्वाह भत्ता यांची वेळच आली नसती. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्यावर विषय संपला असता. त्याच मोजणीत, त्याच तुटीवरून, दोन कंत्राटी मुलांना ठेकेदाराने खरोखरच बदलले, आणि त्याची नोंद कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात नाही.

कायम कामगारांपुढेही आता नवा प्रश्न आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असून तिच्यात स्थायी आदेशांची तरतूद ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. १४० कायम कामगारांच्या या कारखान्याला नव्या व्यवस्थेत ही मर्यादा गाठणे कठीण आहे, आणि मग झडतीबाबत हातात राहतो तो करार आणि नियुक्तिपत्र. संघटनेने पुढच्या वेतन करारासाठी दिलेल्या मागणीपत्रात झडतीची सर्व कलमे शब्दशः घातली आहेत आणि ती कंत्राटी कामगारांनाही लागू व्हावीत असे वेगळे कलम जोडले आहे. पहिल्या भागाला व्यवस्थापनाचा विरोध नाही. दुसरा भाग ठेकेदाराशी बोलून कळवू, असे उत्तर आले आहे.